राखीव निधीसाठी सभासदांना व हितचिंतकांना आवाहन

सस्नेह नमस्कार.

आपल्या संघटनेची मासिक वर्गणी नियमित जमा होते आणि कार्यालयाचे भाडे, छपाई व प्रवास हा चालू खर्च तिच्यातून भागतो. राखीव निधीची स्थिती मात्र चिंताजनक आहे. निलंबित सहकाऱ्यांच्या कुटुंबांना दिलेली मदत आणि त्यांच्या दाव्यांचा वकील-खर्च यांमुळे तो इतका आटला आहे की, उद्या वर्गणी थांबली तर कार्यालय जेमतेम दोन महिने चालू शकेल.

वाद पेटला की पगार अडतो, पगार अडला की वर्गणी बंद होते आणि खर्च नेमका त्याच वेळी वाढतो. आपण किती दिवस तग धरू शकू, याचा अंदाज मागणीपत्रावर चर्चा करणाऱ्या व्यवस्थापनालाही असतो. निधी नसलेल्या प्रतिनिधींवर मिळेल त्या करारावर सही करण्याची वेळ येते आणि तो करार पुढे कित्येक वर्षे सर्वांना बांधून ठेवतो. लंडनच्या गोदी कामगारांनी १८८९ मध्ये ताशी सहा पेन्सच्या मागणीसाठी संप केला, तेव्हा ऑस्ट्रेलियातून आलेल्या ३० हजार पौंडांहून अधिक मदतीमुळे ते टिकले आणि जिंकले. त्या बंधुभावाविषयी आम्हाला नितांत आदर आहे. परंतु ऐनवेळी कोणीतरी धावून येईल या भरवशावर सभासदांची चूल सोपवणे कार्यकारिणीला योग्य वाटत नाही.

म्हणून किमान सहा महिन्यांच्या खर्चाइतका निधी उभारण्याचे ठरले असून, प्रत्येक सभासदाने एका दिवसाचा पगार द्यावा, अशी कळकळीची विनंती आहे. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी जमेल तेवढे द्यावे, आणि ज्यांना काहीच शक्य नाही त्यांनी संकोच बाळगू नये. त्यांच्या सभासदत्वाला कोणतीही बाधा येणार नाही. निवृत्त सहकारी व हितचिंतक यांच्या देणग्यांचे स्वागत आहे. व्यवस्थापन किंवा कंत्राटदार यांच्याकडून मात्र एक पैसाही घेतला जाणार नाही. संघटनेला अंकित करण्याच्या हेतूने मालकाने दिलेले आर्थिक साहाय्य आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९४९ च्या ९८ क्रमांकाच्या करारातही हस्तक्षेपच मानले आहे.

ही रक्कम स्वतंत्र बँक खात्यात राहील आणि कार्यकारिणीच्या ठरावाशिवाय, तसेच अध्यक्ष व खजिनदार यांच्या संयुक्त सहीशिवाय, काढता येणार नाही. तपासलेला हिशेब वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे मांडला जाईल. देणगी खजिनदारांकडे द्यावी व छापील पावती अवश्य घ्यावी.

आपली,
कार्यकारिणी