मा. कृषिमंत्री, ट्रॅक्टरच्या चार्जरकडेही लक्ष द्या

मा. कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

राज्याच्या 2025 च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात शेतीच्या ट्रॅक्टरला जागा मिळाली, याचा मनापासून आनंद आहे. कंपन्यांचे नवे ट्रॅक्टर बहुतेक लिथियम बॅटरीवर येतात. पण गावच्या वर्कशॉपमध्ये जुन्या ट्रॅक्टरचं इंजिन उतरवून मोटर बसवली जाते, तेव्हा लेड-ॲसिडच परवडते. ती तालुक्याला मिळते, जुनी देऊन नवी घेता येते. हे पत्र या ट्रॅक्टरांसाठी आहे. त्यांच्या बॅटऱ्या अकाली बसतात, शेतकरी बॅटरीवाल्याला बोल लावतो, आणि दोष अनेकदा चार्जरचा निघतो.

12 व्होल्टच्या सहा बॅटऱ्या जोडल्या की 72 व्होल्टचा संच होतो. त्यात 36 सेल, म्हणजे दर बॅटरीत सहा कप्पे. पाण्याच्या बॅटरीला 25 अंशांवर सेलमागे साधारण 2.4 व्होल्ट लागतात, म्हणजे संचाला 86.4. बॅटरी भरली की चार्जरने 81-82 व्होल्टवर उतरायला हवं. आता मे महिन्यातला विदर्भ घ्या. बॅटरीच 40 अंशांवर असते. तापमान एका अंशाने वाढलं की सेलमागे सुमारे 4 मिलिव्होल्ट कमी करायचे असतात. म्हणजे तिथे 84.2 पुरे. चार्जर 86.4 वरच अडून राहिला तर बॅटरी तापते, पाणी आटतं, प्लेटा झिजतात. सील बॅटरीत तर पाणी घालायचीही सोय नाही. उलट जानेवारीत निफाडला बॅटरी 10 अंशांवर गेली की 88.5 च्या पुढे जावं लागतं. तिथे 86.4 वर ती अर्धपोटी राहते आणि प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं.

तापमान ओळखणारा सेन्सर स्वस्त चार्जरमध्ये नसतो. त्यात बाजारात ‘72 व्होल्ट’ एवढंच सांगून लिथियमचा चार्जरही लेड-ॲसिडला जोडून दिला जातो. 24 सेलच्या लिथियम फॉस्फेट बॅटरीचा तो चार्जर 87.6 व्होल्टपर्यंत जातो. विदर्भातल्या त्या बॅटरीला हे तीन व्होल्टहून जास्त झाले!

विजेचंही तसंच. लेड-ॲसिडचा शेवटचा पाचवा हिस्सा भरायलाच कित्येक तास जातात. मधेच वीज गेली की नेमका तोच राहतो, आणि रोज राहिला तर चार्जर कितीही चांगला असो, बॅटरी टिकत नाही.

जास्त व्होल्टेजने हायड्रोजनही सुटतो. हवेत तो 4 टक्क्यांवर गेला की एक ठिणगी पुरते. आपल्याकडे चार्जिंग बंद शेडमध्ये चालतं, कधी गोठ्यात, जनावरांशेजारी. याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते.

नव्या ट्रॅक्टरची तपासणी मध्य प्रदेशातल्या बुदनीच्या केंद्रात होते. गावात बदललेल्या ट्रॅक्टरसाठी निदान एवढं करा: बॅटरीचा प्रकार, सेलची संख्या आणि 25 अंशांवरचं चार्जिंग व्होल्टेज मराठीत कोरलेली पट्टी प्रत्येक यंत्रावर सक्तीची करा. सरकारी पैसा जिथे लागेल, तिथे सेन्सर असलेला चार्जर ही अटच असू द्या. आयटीआयच्या मुलांना भर उन्हात, मल्टीमीटर हातात देऊन हे शिकवा. पट्टीचा आदेश येत्या उन्हाळ्याआधी निघावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक बॅटरी दुरुस्ती कारागीर