उद्यमनगरातल्या लेथवाल्या मेस्त्रींना, मनापासून

आदरणीय मेस्त्री,

सप्रेम नमस्कार. तुमचं नाव इथे लिहीत नाही, कारण असा गाजावाजा तुम्हाला रुचणार नाही. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात ज्यांचं जाणं-येणं आहे, त्यांना हे कुणाबद्दल आहे ते कळेलच. पण हे मनात ठेवून मला चैन पडेना, म्हणून चारचौघांत लिहितोय.

माझ्या मोटरसायकलच्या इंजिनाच्या तळाला, जुनं तेल काढायच्या ड्रेन बोल्टच्या भोकातून तेल गळत होतं. सांगायला एवढीशी गोष्ट. पण मी रोज पन्हाळ्याच्या बाजूला शाळेला जातो. या इंजिनात तेल बसतं जेमतेम लिटरभर. घाट चढून इंजिन तापलं की तेल पातळ होतं आणि जास्तच झिरपतं, वाऱ्याने मागच्या टायरवर जातं. वाघबीळच्या पुढच्या वळणांवर बायको मागे बसलेली असताना मागचं चाक जरासं सरकलं, तर पोटात काय होतं ते ज्याचं त्यालाच माहीत.

आधीच्या गॅरेजांबद्दल मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही. बोल्ट पोलादाचा, केसिंग अॅल्युमिनियमचं. एकाने पान्याला पाईप घालून असा आवळला की मऊ धातूतले आटेच गेले. दुसऱ्याने टेफलॉनची टेप गुंडाळली, कुणी सिलिकॉन थापलं, आणखी एकाने भोक मोठं करून जाड बोल्ट ठोकून दिला. प्रत्येकाने पैसे घेतले आणि "आता थेंब पडला तर मला सांगा" म्हणून पाठवलं. थेंब पडला, सांगायला गेलो, तर म्हणे जुनी गाडी आहे, गळायचीच. एकाने तर अख्खं इंजिन उतरवायचा खर्च सांगितला. मी काही विचारलं की, "सर, तुम्ही बाहेर खुर्चीवर बसा." चुकतं सगळ्यांचंच, त्याचं मला काही नाही. पण नक्की कुठून गळतंय हे बघायचे कष्ट त्यांच्यातल्या एकानेही घेतले नाहीत.

तुम्ही बोल्ट काढलात, भोकाचं तोंड पेट्रोलने पुसलंत आणि बराच वेळ बोटाने चाचपत राहिलात. मग डबीतली निळी पेस्ट वायसरला अगदी पातळ लावलीत, बोल्ट हाताने बसवला, पान्याने हलका आवळला आणि परत काढला. आणि मला हाक मारलीत.

मी शाळेतून थेट आलेलो, अंगात पांढरा शर्ट. खाली सगळं तेलकट. मी वाकायला लागलो तसे तुम्ही म्हणालात, "थांबा सर, कपडं खराब हुतील." फळीवरून कुठल्याशा स्कूटरचा जुना आरसा आणलात, फडक्याने पुसलात, स्वतः जमिनीवर आडवे झालात आणि एका हातात बॅटरी, एका हातात आरसा धरून मला उभ्या उभ्या दाखवलंत. केसिंगवर निळा रंग फक्त एका बाजूला उमटला होता. दुसरी बाजू कोरी. "आटं न्हाई गळत सर, ह्ये तोंड गळतंय. भोक तिरकं पाडलंय त्येनी. वायसर निम्माच टेकतोय."

मेस्त्री, तो आरसा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तुमच्यासमोर आणखी दोन कामं खोळंबली होती. मला न दाखवताही तुम्ही दुरुस्ती केली असतीत, मी पैसे दिलेच असते. पण गाडी माझी आहे, तर तिला काय झालंय ते मला कळलं पाहिजे, हे तुम्ही धरून चाललात. डॉक्टर असो, वकील असो, सरकारी कचेरीतला कारकून असो, समोरच्याला त्याची अडचण नीट दाखवणारी माणसं भेटतात किती? मी शिक्षक आहे. वर्गात पोराचं गणित चुकलं की नुसती फुली मारून पुढे न जाता, कुठल्या पायरीवर चुकलं ते त्याला दाखवावं लागतं. ते तुम्ही गाडीखाली पडून करत होतात.

पुढचं काम मला पुरतं समजलं नाही. भोक सरळ केलंत, लेथवर कॉलरचा बुश करून बसवलात, तोंड सपाट केलंत, एवढं दिसलं. तांब्याचा वायसर मात्र नीट लक्षात आहे: चिमट्यात धरून लाल होईस्तोवर तापवलात आणि चर्रकन पाण्यात सोडलात. तांबं दाबून दाबून कडक होतं, तापवलं की पुन्हा मऊ पडतं आणि तोंडावर घट्ट बसतं, हे तुम्ही काम करता करताच सांगितलंत. आणि शेवटी बोल्ट आवळताना साधा आखूड पाना. पाईप नाही की लटकणं नाही.

त्यानंतर घाट चढलो, पावसात गेलो, गाडी रात्र रात्र उभी ठेवली. खाली पुठ्ठा टाकून बघतो. डाग नाही. बायको आता मागे बसताना "तेल बघितलं का" असं विचारत नाही.

तुम्ही जे पैसे सांगितलेत ते फारच कमी होते आणि जास्त द्यायला गेलो तर घेतले नाहीत, म्हणून हे पत्र. आमच्या शाळेतल्या एका सरांच्या गाडीचे आटेही असेच खाल्ले गेलेत. त्यांना तुमचा पत्ता दिलाय. शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांना घेऊन येतो.

तुमचा,
पन्हाळ्याच्या वाटेवरचा एक मास्तर