यंदाचा हनुका ठाण्यातच

ती. बाबा आणि आई,

शालोम.

फोनवर हे सांगायला गेले असते तर आईचा आवाज ऐकून मी विषय बदलला असता, म्हणून लिहायला बसले. धाकट्याला बजावून ठेवलं आहे, पत्र बाबांना मोठ्याने वाचून दाखव आणि मधलं काही गाळू नकोस.

आम्ही यंदा इस्रायलला, अश्दोदला तुमच्याकडे राहायला येत नाही. आलियाचे, म्हणजे तिकडे कायमचं स्थायिक व्हायचे कागद भरले होते, ते कपाटातच ठेवले आहेत. मी बँकेतून निवृत्त झाले की दोघांनी यायचं, हे आपलं ठरलेलं होतं. आईने आमच्या खोलीचे पडदेसुद्धा बदलून घेतले, हेही मला कळलं. पण आपल्या सिनेगॉगच्या, प्रार्थनास्थळाच्या समितीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचं काम मी अंगावर घेतलं आहे आणि ते या हनुकापासून, आपल्या आठ रात्रींच्या दिव्यांच्या सणापासून सुरू होतंय. यांनाही पटलं आहे, उलट यांनीच आधी मान डोलावली. पुरिमचा सण आटोपला की आम्ही तिकडे येतो, पेसाहचा सण तुमच्याबरोबर करतो, तिकिटं काढून झाली आहेत. आता रागावू नका. रागवायचंच असेल तर पुढचं सगळं ऐकून मग रागवा.

बाबा, तुम्ही असताना टेंभी नाक्याच्या आपल्या शाआर हाशामाइम सिनेगॉगमध्ये सणाला बायकांच्या गॅलरीत उभं राहायला जागा नसायची. शब्बाथला, शनिवारी, अजूनही माणसं जमतात, काळजी करू नका, ठाण्याएवढे आपले बेने इस्रायल लोक आता देशात दुसरीकडे कुठे नाहीत. पण मधल्या वारी प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवायचे तर फोन करावे लागतात. हे गेले तर त्या दहातला एक कमी होतो. २०११च्या जनगणनेत अख्ख्या देशात आपण ज्यू ४,६५० निघालो. एवढ्याशा माणसांतून एकेक घर उठतं तेव्हा मागे कोण राहतं, ते मी आता रोज पाहते. ज्यांची मुलं लोदला, दिमोनाला, बेरशेबाला गेली आणि ज्यांना स्वतःला गुडघ्यांमुळे, हृदयामुळे, नाहीतर नुसत्या हट्टाने इथून हलायचं नाही, अशी माणसं. चरईतल्या मावशी आठवतात ना, माझ्या लग्नात ज्यांनी मेहंदीच्या रात्री गाणी म्हटली होती? त्यांना आता एका डोळ्याने दिसत नाही. गेल्या हनुकाला त्यांनी पेल्यांत तेल भरलं आणि हात थरथरतो म्हणून काडीच ओढली नाही. तसंच ठेवून झोपल्या. दुसऱ्या दिवशी सहज गेले तेव्हा ते भरलेले पेले मी पाहिले.

दुसऱ्यांच्या आईबापांच्या घरी दिवे लावायला जाते आणि आपल्याकडे येत नाही, असं तुमच्या मनात येईल. माझ्याही येतं. रात्री येतं, फार येतं. पण तुमच्याजवळ धाकटा आहे, सूनबाई आहे, नातवंडं आहेत, कुपत होलीमचा दवाखाना इमारतीसमोर आहे, बाबांच्या गोळ्या डब्यात वारांप्रमाणे भरलेल्या असतात. आईला बोलायला तुमच्या मजल्यावर रेवदंड्याच्या दोघीजणी आहेत, तिसऱ्या मजल्यावर पेणच्या वहिनी आहेत. संध्याकाळी बाकावर बसून तुम्ही सगळ्या अजून मराठीतच भांडता, हे धाकट्याने व्हिडिओत दाखवलं तेव्हा मला किती बरं वाटलं! चरईच्या मावशींना दाराशी बोलायला फक्त दूधवाला आहे.

आणि बाबा, तुम्हीच आम्हाला डॉ. जेरुशा झिराडांचं उदाहरण द्यायचात. लंडनला एम.डी. झाल्या, तिथे राहता आलं असतं, पण परत आल्या आणि कामा हॉस्पिटल सांभाळलं. मी काही त्यांच्या पासंगाला पुरत नाही, पण ऐकलं ते ऐकलंच ना.

आजीचं बोलणंही हल्ली आठवतं. आपल्या पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावला फुटलं तेव्हा, जिच्या विजयाचा हनुका करतात ती मक्काबींची लढाई अजून व्हायचीच होती, म्हणून आपल्या जुन्या लोकांना हनुका माहीत नव्हता, असं ती ठासून सांगायची. शेमाची प्रार्थना तेवढी राहिली, तेल गाळणाऱ्या आपल्या लोकांचा शनिवारचा घाणा बंद राहिला, बाकी बरंच विसरलं गेलं. मग एकोणिसाव्या शतकात कोचीनहून शिकवणारी माणसं आली, आपल्या लोकांत राहिली, तेफिला म्हणजे प्रार्थना शिकवली, सण शिकवले. त्यांनाही घरदार असेलच. ती इथे थांबली म्हणून आपल्या घरात हे आठ दिवे आले. आई, मला कुणावर उपकार करायचे नाहीत गं. शिकवणारा, तेल पोचवणारा, दार वाजवणारा कुणीतरी गावात असावा लागतो, आणि यंदा मला वेळ आहे, पाय धड आहेत.

काम काय, ते सांगते म्हणजे आईला घोर लागणार नाही. आपली कॉलेजातली मुलंमुली दोघादोघांनी घरं वाटून घेणार आहेत. प्रत्येक पिशवीत खोबरेल तेलाची बाटली, कापसाच्या वाती, काचेचे छोटे पेले आणि ब्राखा, दिव्यांवर म्हणायची आशीर्वचनं, मोठ्या अक्षरांत मराठीत छापलेला कागद. खाऊला भोपळ्याचे घारगे आणि बटाटवडे. घारग्यांचं पीठ मी तुझ्यासारखंच गुळाच्या पाण्यात भिजवते, दूध घालत नाही, म्हणजे कुणी मटणाच्या जेवणावर खाल्ले तरी दूध-मांस एकत्र होत नाही. ज्यांना साखर आहे त्यांच्यासाठी वेगळं उकडलेलं असेल. शुक्रवारी पोरांना लवकर पाठवायचं आहे, कारण हनुकाचे दिवे शब्बाथच्या दिव्यांआधी लागले पाहिजेत आणि तेलही जास्त लागतं, अंधार पडल्यावरही ते जळत राहायला हवेत. पोरांना हे माहीत नव्हतं. बाबा, तुम्ही आम्हाला शिकवलंत तसंच मी शिकवलं: वाती उजवीकडून मांडत जायच्या, पेटवायला मात्र त्या रात्रीच्या नव्या वातीपासून सुरुवात करायची.

सणापुरतंच हे नाही. नोव्हेंबरात पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले मी त्यांच्या घरी बसून फोनवरून भरून दिले. बँकेत इतकी वर्षं काढल्याचा तेवढा उपयोग झाला. कुणाचा बोटाचा ठसाच उमटत नव्हता, मग चेहऱ्याने केला. डॉक्टरची वेळ घेणं, रिपोर्ट आणणं, मुलांशी व्हिडिओवर गाठ घालून देणं, हे वर्षभर चालणार. आई, तू स्त्री मंडळाच्या बायकांबरोबर फिरायचीस, ते वेगळं काय होतं?

मधल्या रविवारी बस करून सगळ्यांना अलिबागला नेणार आहोत. आधी अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हनाबीच्या, एलिया संदेष्ट्याच्या जागी, मग संध्याकाळी मागेन अबोथमध्ये दिवे. १८४८ सालचं ते सिनेगॉग, इस्रायल आळीत आता मोजकीच घरं उरली, त्यांना तेवढीच सोबत. मी आपलं घरही उघडून झाडून घेईन. मागच्या पडवीची कौलं पावसाआधीच बदलून घेतली आहेत, गळत नाही. शेजारच्या काकू तुळईला वाळवी लागली का ते बघत असतात. आईचं पाटा-वरवंट्याचं कुठे काय हलवलेलं नाही, सगळं जागच्या जागी आहे. दारावरची मेझुझा, पवित्र वचनांची गुंडाळी, काढून तपासून घेतली, अक्षरं शाबूत आहेत.

त्या घरातला हनुका मला सगळ्यात जास्त कशासाठी आठवतो, माहीत आहे का आई? वर्षभर तुझे हात कधी रिकामे पाहिले नाहीत. चूल, विहीर, नारळ खवणं, आमचे फाटलेले फ्रॉक. पण दिवे पेटल्यावर अर्धा तास बायकांनी काम करायचं नाही म्हणून तू पाटावर येऊन बसायचीस, आणि मी आणि धाकटा तुझ्या मांडीसाठी भांडायचो. तू नुसती बसलेली असायचीस, दुसरं काही करत नसायचीस. तुझ्या पदराला खोबरेल तेलाचा वास यायचा. मी एकदा त्या उजेडात गृहपाठाची वही उघडली तेव्हा बाबांनी ती हळूच मिटली आणि म्हणाले, या दिव्यांकडे नुसतं बघायचं, काम करायचं असेल तर शमाशच्या, या जास्तीच्या दिव्याच्या उजेडात कर. मग स्वतःच मला पेन्सिलला टोक काढून दिलं. साठीला आले तरी मला ती पेन्सिल आठवते.

सुरक्षेचं म्हणाल, तर फाटकावर पोलीस असतो, वहीत नाव लिहिल्याशिवाय अनोळखी माणसाला आत सोडत नाहीत. मुलं रात्री साडेआठच्या आत घरी. मी रिक्षाने फिरते, चालत नाही, हे बरोबर असतात. जेवण वेळेवर होतं. आई, तू विचारायच्या आधी सांगते, माझी थायरॉइडची गोळी सकाळी उपाशीपोटीच घेते.

आता तुमचं. हे नीट ऐका.

हिवाळ्यात नुसत्या उन्हावर तिथलं पाणी तापत नाही, तेव्हा अंघोळीआधी दूदचं, पाणी तापवायच्या टाकीचं बटण लावायचं. वीज वाचवायला बाबा गार पाण्याने अंघोळ करतात, हे मला कळलं आहे. ते बंद. बिल मी भरते. मोज्यांत लादीवर चालायचं नाही, खाली रबर असलेल्या सपाता घालायच्या. न्हाणीघराबाहेरची ती सुटी सतरंजी आजच्या आज उचला. रेडिएटरवर ओले कपडे वाळत घालू नका.

बाबा, सुफगानिया, तो जॅम भरलेला तळलेला गोळा, एक. आठ दिवसांत एक, रोजची एक नव्हे. आणि तीही अर्धी आईला देऊन, मधला जॅम काढून. सिनेगॉगात प्रत्येक जण आग्रह करेल, तेव्हा माझं नाव सांगा, थोरलीने मना केलंय म्हणा. तीन महिन्यांची साखर तपासायची राहिली आहे, ती हनुकाआधी करा. फ्लूची लस दोघांनी घेतली का, ते धाकट्याने मला अजून कळवलेलं नाही.

हनुकिया, दिव्यांची ती बैठक, खिडकीत उंचावर ठेवायला बाबांनी स्टुलावर चढायचं नाही. ब्राखा बाबांनी म्हणायच्या आणि काडी नातवाने लावायची. तुमचा आवाज आहे ना, तो पुरे. भोंगा वाजलाच तर जिन्याकडे धावू नका, सरळ ममादमध्ये, घरातल्या सुरक्षित खोलीत जायचं. तिथे पाण्याची बाटली, बाबांचा इनहेलर आणि आईचा चष्मा आधीच ठेवलेला असू दे. आणि आई, दिवे लागले की अर्धा तास तू बसायचं आहेस. सूनबाई स्वयंपाकघर बघेल, तिला मी सांगितलं आहे.

फोनचं असं ठरवू या. तुमच्याकडे दिवे लागतात तेव्हा इथे आठ वाजून गेलेले असतात. तोवर माझी सगळी घरं करून झालेली असतील. शुक्रवारची रात्र शब्बाथची, ती सोडून बाकी सगळ्या रात्री मी त्या वेळी व्हिडिओवर असेन. इथे मावशींकडचे दिवे आधी लागतील, मग तुमचे. बाबांनी ‘हानेरोत हल्लालू’ हे दिव्यांचं स्तोत्र म्हणताना फोन तोंडाजवळ धरायला सांगा, मागच्या वेळी काही ऐकू आलं नाही. एका रात्री मावशींनाही फोनवर आणते, त्यांना आईशी बोलायचं आहे.

धाकट्याकडून एक गोष्ट कळली. आई, आम्ही कायमचं यावं म्हणून तू एलियाहू हनाबीला नवस बोलली आहेस. तू सांगितलं नाहीस, म्हणून मीही फोनवर काढलं नाही. नवस फुकट गेला असं मनात आणू नकोस. कागद मी फाडलेले नाहीत, आणि नाही म्हटलं ते यंदापुरतं. पुढचं पुढे बघू, तुम्हाला माझी गरज लागली तर समिती बाजूला ठेवून पुढच्या विमानाने येईन, हे यांनाही सांगून ठेवलं आहे. पुरिमनंतर आलो की पेसाहची साफसफाई सुरू व्हायच्या आधीच मलिदा, गोड पोह्यांचा प्रसाद, करू, घरातले पोहे त्यातच संपतील. पातळ पोहे मी अलिबागच्या नेहमीच्या दुकानातून आणते, वेलचीही आणते, किद्दूशच्या प्रार्थनेच्या शरबताला काळ्या मनुकाही आणते. कोकमं किती हवीत ते कळव, सामानाचं वजन बघून ठरवते. नारळ तिथेच घेऊ.

साखरेचा आकडा आला की धाकट्याला कागदाचा फोटो पाठवायला सांगा, तोंडी आकडा मला चालणार नाही.

तुमची,
थोरली