चिखलणीच्या तोंडावर धावून आलेल्या मिस्त्रीकाकांस

आदरणीय मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

आमच्या वाडीतली भातलावणी यंदा वेळेत उरकली ती तुमच्यामुळे. चारचौघांसमक्ष तुमचे आभार मानावेत म्हणून हे जाहीर पत्र.

तरवा, म्हणजे भाताची रोपं, काढणीला आला होता आणि पॉवर टिलर (हाताने धरून चालवायचं नांगरणीचं यंत्र) चिखलात उतरला की इंजिन नुसतं गरजायचं, रोटरी, म्हणजे माती घुसळणारी फिरती पाती, थांबायची. क्लचप्लेटा गेल्या, नव्या घाला, असं एका दुकानात सांगितलं होतं. तुम्ही आधी पुल्या बघितल्यात. इंजिनाची पुली फिरते पण क्लचची अडखळते, म्हणजे बेल्ट घसरतोय. दोन्ही नीट फिरूनही चाकं हलत नसतील तर क्लच बघायचा. या पारखीने आमचा मोठा खर्च वाचला.

बेल्ट खाचेच्या दोन्ही कडांना धरून ओढतो, झिजून तळाला टेकला की घसरतो, हे खाचेतली चकाकी दाखवून समजावलंत. जोडातला एकच बेल्ट नवा घातला तर सगळा भार त्याच्यावर येतो, म्हणून पूर्ण जोड बदललात. पुल्या एका रेषेत आहेत का, तेही सुतळी ताणून पाहिलंत. बेल्ट फार ताणला तर बेअरिंग जातं, आणि नवा बेल्ट सुरुवातीच्या कामात सैलावतोच, तेव्हा पुन्हा तपासा, हे बजावायला नंतर आठवणीने फोन केलात. कोण करतं हो एवढं?

मग क्लच. लिव्हरला थोडी मोकळी चाल हवीच, नाहीतर प्लेटा अर्धवट दाबलेल्या राहून जळतात. ब्रेक सगळ्यात शेवटी जुळवलात, कारण आमच्या टिलरला दोन्ही एकाच लिव्हरवर आहेत. क्लच पूर्ण सुटल्यावरच ब्रेक धरला पाहिजे. आधी धरला तर दोघांची झुंज लागते. लॉकनट आवळायला तुम्ही पाना माझ्या मुलीच्या हाती दिलात, याचं मला फार अप्रूप वाटलं. आता केबल तीच बघते.

आणि उताराची गोष्ट! उतरताना हँडलचा डावा क्लच (वळण्यासाठी त्या बाजूचं चाक मोकळं सोडणारा) दाबला तर टिलर उजवीकडे वळतो, कारण मोकळं सुटलेलं चाक जास्त धावतं. आमच्या घाटीच्या वाटेवर हे ठाऊक नसणं जिवावर बेतलं असतं. वाडीतल्या प्रत्येक टिलरवाल्याला मी हे सांगितलंय.

मजुरी तुम्ही घेतलीत, पण शिकवल्याचं काहीच घेतलं नाहीत. चतुर्थीला सहकुटुंब आमच्याकडे जेवायला या, वाट बघतोय.

आपला ऋणी,
सिंधुदुर्गातला एक भातशेतकरी