ठकीचे केस, काकू आणि दादा

आमच्या ठकी मांजरीच्या शेपटीच्या मुळाशी दिवाळीनंतर टक्कल पडायला लागलं. बघता बघता पोटही उघडं पडलं. एका ठिकाणी लांबूनच बघून 'गजकर्ण' म्हणत मलम दिलं. तीन आठवडे चोळलं, ठकी ते चाटून मोकळी. शेवटी शेजाऱ्यांच्या कुत्र्याचे पिसवांवरच्या औषधाचे थेंब पिशवीत टाकून मी दुसऱ्या दवाखान्यात गेले. डॉक्टर ऑपरेशनमध्ये.

रांगेत लॅब्रॅडॉर घेऊन बसलेल्या काकूंनी ती बाटली वाचली आणि हातातून जवळजवळ ओढूनच घेतली. "अगं, यात परमेथ्रिन हे कीटकनाशक आहे. कुत्र्याला चालतं, मांजराला विष!" मला घामच फुटला. त्याच रात्री लावणार होते मी.

तिथले मदतनीस दादा सरळ फरशीवर मांडी घालून बसले. बारीक दातांच्या फणीने ठकीची पाठ विंचरली, निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कापसावर झटकले. कणांभोवती हळूहळू तांबूस रंग पसरला. "पिसवांची विष्ठा. रक्तच ते. पिसू दिसत नाही म्हणून लोक फसतात, ही चाटताना गिळून टाकते." ठकी गुरगुरली की "हो गं बाई, झालंच" म्हणत हात थांबवायचे, ती निवली की पुन्हा फणी. नंतर डॉक्टरांनीही तेच सांगितलं, पिसवांच्या चाव्याची अ‍ॅलर्जी.

दीड महिन्यात पोटावर मखमल उगवलीय. काकू, दादा, नावं विचारायचीच राहिली. मनापासून आभार. आणि दादा, तुमची फणी माझ्याकडेच आलीय, शनिवारी आणून देते.