लम्पीचे नमुने तपासणाऱ्यांना

२०२२ मध्ये गाईबैलांना लम्पी हा साथीचा त्वचारोग आला तेव्हा अंगावरच्या गाठी पाहून गावात कुणी म्हणे गोचीड, कुणी म्हणे ॲलर्जी. गाठींच्या खपल्या आणि रक्ताचे नमुने बर्फात ठेवून गेले, आणि तुम्ही पीसीआर, म्हणजे विषाणूची जनुकीय तपासणी, करून विषाणू पक्का ओळखलात. म्हणून बैलबाजार थांबले, आजारी जनावरं वेगळी बांधली गेली, माश्या-डासांवर फवारणी झाली, आणि शेळ्यांच्या देवी रोगाची लस गाईबैलांना टोचली गेली. ती चालते, कारण दोन्ही विषाणू एकाच कुळातले!

लस टोचणारे डॉक्टर दारात आले, त्यांना चहा तरी देता आला. तुमची नावंही आम्हाला ठाऊक नाहीत. पुण्याजवळच्या औंधच्या, भोपाळच्या आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या प्रयोगशाळांमध्ये राबलेल्या सगळ्यांचे, नमुन्यांच्या पेट्या वाहणाऱ्यांचेही, आम्हा पशुपालकांकडून मनापासून आभार.