घरी कोणता कन्सोल घ्यावा: आई-बाबांना पत्र

म्युनिक

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

बाबा, मे महिन्याच्या सुट्टीत ओंकार राहायला येणार म्हणून घरी गेमचा कन्सोल, म्हणजे गेम खेळण्याचे यंत्र, घ्यावा असे तुमच्या मनात आहे आणि दुकानदाराने प्लेस्टेशन 5 चा आग्रह धरला आहे, असे तुम्ही कळवलेत. दुकानदाराने सांगितले ते खोटे नाही, पण तो कन्सोल घरात कोण कोण वापरणार हे त्याने विचारलेले दिसत नाही. बोटांचे सांधे आखडलेली आई, सारी हयात एस.टी.त वाहतूक नियंत्रक म्हणून काढलेले तुम्ही आणि नऊ वर्षांचा ओंकार, अशा तिघांसाठी घ्यायचे असेल तर प्लेस्टेशन घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

प्लेस्टेशन 5 भारतात फेब्रुवारी 2021 पासून रीतसर मिळतो, त्याची दुरुस्ती तिथेच होते आणि डिस्क लागणारे मॉडेल घेतले तर खेळून झालेली डिस्क विकताही येते, हे त्याचे मोठे गुण आहेत. पण त्याच्या हातात धरायच्या कंट्रोलरवर अंगठ्याने हलवायच्या दोन काठ्या आणि डझनाहून अधिक बटणे असतात, आणि ज्या गेमसाठी लोक तो घेतात ते बहुतेक गेम दोन्ही अंगठे आणि दोन्ही तर्जन्या एकाच वेळी कामाला लावतात. आईने ते का सोसावे? शिवाय त्यातले मोठे गेम शंभर जीबीच्या घरात जातात, ते डाउनलोड व्हायला फार वेळ लागतो आणि आपल्याकडे दुपारची वीज कधी जाईल याचा नेम नाही. एक्सबॉक्स सीरीज एस हा दुसरा कन्सोल स्वस्तात बसतो, पण त्यात डिस्क चालतच नाही. त्याचे खरे आकर्षण म्हणजे गेम पास ही मासिक वर्गणी, आणि वर्गणी थांबली की त्यातले गेमही थांबतात. महिन्याचे बांधलेले खर्च तुम्हाला कधीच आवडले नाहीत, म्हणून तो विषय मी इथेच सोडते.

माझी पसंती निन्टेंडो स्विचला आहे, आणि त्यातही 2021 मध्ये आलेल्या ओलेड पडद्याच्या मॉडेलला. सात इंची पडद्याचा हा कन्सोल हातात धरूनही खेळता येतो आणि टीव्हीला जोडूनही. गेमनुसार त्याची बॅटरी साडेचार ते नऊ तास टिकते, त्यामुळे वीज गेली तरी चाललेला डाव मोडत नाही. 2025 च्या जूनमध्ये आलेला स्विच 2 नक्कीच अधिक ताकदवान आहे, पण त्याची बॅटरी दोन ते साडेसहा तासांचीच आहे आणि मी पुढे सुचवणार आहे त्यांपैकी एकाही गेमला ती ताकद लागत नाही. स्विच लाइट मात्र कोणी फुकट दिला तरी घेऊ नका, कारण तो टीव्हीला जोडताच येत नाही.

या पसंतीला एक मोठी अडचण आहे. निन्टेंडो आपला कन्सोल भारतात अधिकृतपणे विकत नाही. दुकानात दिसतो तो बाहेरून आणलेला माल असतो आणि बिघडला तर न्यायला अधिकृत सेवा केंद्र नाही. त्याच्या छोट्या कंट्रोलरची काठी हात न लावताही आपोआप सरकू लागते, ही तक्रार जगभर झाली आणि 2020 मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी त्याबद्दल माफीही मागितली. म्हणून तिथे घेऊ नका. मी एप्रिलमध्ये येताना इथून घेऊन येईन आणि कंट्रोलरची एक जादा जोडीही आणीन. त्याचा चार्जर 100 ते 240 व्होल्टवर चालतो आणि त्याच्या पिना आपल्या सॉकेटमध्ये बसतात.

आता गेमविषयी. आईसाठी ‘स्विच स्पोर्ट्स’मधले बोलिंग: मनगटात पट्टा अडकवायचा, एक बटण आणि हाताचा झोका, एवढ्यावर चेंडू गडगडत जाऊन खुंट्या पाडतो. पट्टा न विसरता अडकवावा, नाहीतर कंट्रोलर टीव्हीवर जाऊन आदळायचा. आईसाठीच ‘वेन्बा’ही आणते. हा टोरांटोत तयार झालेला, 2023 मधला गेम आहे. त्यातली वेन्बा ही कॅनडाला गेलेली तमिळ आई. तिच्या आईची पाककृतींची वही फाटलेली आणि शाई पुसलेली, त्यामुळे इडलीपात्रात आधी काय ठेवायचे हे आपण आपल्या अकलेने ठरवायचे. चुकले तर वेळ संपत नाही, गुण कापले जात नाहीत, पुन्हा करून पाहायचे. आई पहिल्याच फटक्यात इडल्या उतरवील आणि पाककृतीत खोटही काढील.

बाबा, तुमच्यासाठी न्यूझीलंडमध्ये बनलेला ‘मिनी मेट्रो’ मी फार विचार करून निवडला आहे. पडद्यावर गोल, त्रिकोण, चौकोन अशा आकारांची स्थानके उगवत जातात, प्रत्येक प्रवासी आपल्या आकाराच्या स्थानकाला जायला उभा असतो, आणि तुम्ही मार्ग आखून मोजक्याच गाड्या कुठे सोडायच्या ते ठरवता. एखाद्या स्थानकावर गर्दी तुंबून राहिली की डाव संपतो. दिवाळीच्या गर्दीत फलाटावर उभे राहून तुम्ही जे करत होता तेच हे काम, फक्त इथे कोणी अंगावर धावून येत नाही. त्यात मुंबईचा नकाशाही आहे.

‘स्टारड्यू व्हॅली’ या शेतीच्या गेमची सगळीकडे वाहवा आहे आणि एकट्या माणसाने तो घडवला याचे मलाही कौतुक वाटते, पण तुम्हाला मी तो सुचवणार नाही. त्यातला दिवस साधारण 14 मिनिटांत संपतो आणि पेरलेले एखादे पीक चार दिवसांत हाताशी येते. हे पाहून तुम्ही गेम बाजूला ठेवून तासभर शेतीवर बोलाल.

ओंकारसाठी पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये आणलेला ‘राजी’ घेते. धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघालेल्या मुलीची ती गोष्ट आहे; मारामारी आहे, पण आपल्या पुराणकथांतली आणि देखणी. सुरुवातीला त्याच्याजवळ कोणी तरी बसावे.

यातले काही गेम डाउनलोड करावे लागतात, ते मी माझ्या इथल्या खात्यातून घेऊन स्विचमध्ये भरूनच आणीन. तोपर्यंत ‘मिनी मेट्रो’ तुमच्या लॅपटॉपवर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेऊन पाहा. खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात. नाही रुचला तर निःसंकोच परत करा. टीव्हीच्या मागे एचडीएमआयची एक तरी जागा मोकळी आहे का, तेवढे पाहून कळवा. सेट टॉप बॉक्सने ती अडवली असेल तर दोन जागा करणारा जोडही घेऊन येते.

तुमची,
मीनल